सहज जाग येईल अशी झोप

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत, विशेषतः वायंडिंग आणि रीलिंग खात्यांत, हजारो बाया काम करत. तान्हं बाळ घरी ठेवून यावं लागे, आणि त्याच्याकडे बघायला बहुधा एखादी म्हातारी शेजारीण नाहीतर पाच-सहा वर्षांची थोरली बहीण असे. दिवसभर बाळ गप्प राहावं म्हणून त्याला अफूची ‘बाळगोळी’ दिली जाई. त्या काळच्या चौकशी अहवालांत आणि डॉक्टरांच्या नोंदींत या गोळ्यांचा उल्लेख वारंवार येतो. गोळी दिलेलं बाळ रडत नसे, दूधही मागत नसे, हळूहळू वाळत जाई आणि कधी कधी झोपेतून उठतच नसे. लँकेशायरच्या गिरणगावांतही त्याआधी हेच काम अफू घातलेल्या पातळ औषधांनी केलं होतं. या आया निर्दय नव्हत्या. त्यांना बाळंतपणाची पगारी रजा नव्हती, पाळणाघर नव्हतं आणि एक दिवसाचा खाडा परवडत नव्हता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात देशातला पहिला प्रसूतिलाभ कायदा झाला, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

आज ती गोळी सहसा कुणी देत नाही. पण बाळाने लांब आणि गाढ झोपावं ही घराची ओढ तितकीच तीव्र आहे आणि ती आजही थकव्यातूनच येते. रात्री चार वेळा उठणारी आई, सकाळी लोकल पकडणारा बाप, शेजारच्या भिंतीपलीकडे झोपलेले सासू-सासरे, या सगळ्यांना बाळाची झोप हवी असते. त्यामुळे बाळासाठी जे काही विकलं जातं किंवा सुचवलं जातं, त्याची कसोटी बहुतेक वेळा एकच असते: बाळ किती वेळ उठलं नाही? ही कसोटी धोक्याची आहे. तान्ह्या बाळाला वाचवते ती त्याची चटकन जाग येण्याची क्षमता, आणि झोपेच्या जागेबद्दलचा बहुतेक सगळा शास्त्रीय सल्ला शेवटी या एका गोष्टीशी येऊन थांबतो.

नवजात बाळाची झोप मोठ्यांसारखी नसते. तिचं एक आवर्तन साधारण ५० ते ६० मिनिटांत पूर्ण होतं आणि त्यातला जवळपास अर्धा वेळ चंचल झोपेचा असतो. त्या वेळी डोळे पापण्यांआड हलतात, ओठ चोखल्यासारखे होतात, बाळ कण्हतं, हात झटकतं, श्वास कधी जलद तर कधी क्षणभर थांबल्यासारखा वाटतो. नवख्या आईबापांना वाटतं बाळ नीट झोपत नाही. खरं तर या चंचल झोपेतूनच बाळ सहज वर येऊ शकतं. नाकातोंडावर कापड आलं, श्वासातून सोडलेली हवाच पुन्हा आत जाऊ लागली, अंग फार तापलं, तर निरोगी बाळ मान वळवतं, उसासा टाकतं, रडतं. ही प्रतिक्रिया मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांतून येते आणि काही बाळांमध्ये ती उपजतच क्षीण असते. १९९४ मध्ये फिलियानो आणि किनी या संशोधकांनी मांडलेली उपपत्ती आजही बालरोगतज्ज्ञ आधाराला घेतात. आधीच नाजूक असलेलं बाळ, वाढीचा नाजूक टप्पा आणि बाहेरून आलेला एखादा ताण, या तीन गोष्टी एका वेळी जुळल्या की झोपेत अचानक मृत्यू ओढवतो. कोणतं बाळ नाजूक आहे हे बाहेरून कळत नाही. वय थांबवता येत नाही. आपल्या हातात उरतो तो तिसरा भाग, म्हणजे बाळ झोपतं ती जागा.

एक वर्षाच्या आतलं, वरवर निरोगी बाळ झोपेत दगावतं आणि शवविच्छेदन करूनही कारण सापडत नाही, अशा मृत्यूला १९६९ मध्ये सिड्स हे नाव मिळालं. हे मृत्यू सर्वाधिक होतात ते दोन ते चार महिन्यांच्या वयात, आणि सुमारे ९० टक्के पहिल्या सहा महिन्यांत. या मृत्यूंचा इतिहास प्रत्येक पालकाला माहीत असावा असा आहे, कारण त्यात तज्ज्ञांच्याच सल्ल्याने घडलेली एक मोठी हानी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेत बाळाला पोटावर झोपवण्याचा सल्ला रूढ झाला. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घरोघरी पोचलेल्या पुस्तकाच्या १९५० च्या दशकातल्या आवृत्त्यांतही तो होता. कारण पटण्याजोगं होतं: पाठीवर झोपलेल्या बाळाला उलटी झाली तर ती घशात जाईल. शिवाय पोटावर झोपवलेली बाळं खरोखरच जास्त वेळ, जास्त गाढ झोपत. तोच तर धोका होता.

पुरावा हळूहळू साचत गेला. १९८५ मध्ये डी. पी. डेव्हिस यांनी लिहिलं की हाँगकाँगमध्ये असे मृत्यू फार विरळ दिसतात. तिथे बाळांना पाठीवर झोपवण्याची रीत होती. नेदरलँड्समध्ये १९८७ मध्ये डॉ. द योंग यांनी धोक्याची सूचना दिली आणि सल्ला बदलताच तिथले मृत्यू घसरले. न्यूझीलंडमधला १९८७ ते १९९० चा मोठा अभ्यास आणि इंग्लंडमधलं पीटर फ्लेमिंग यांचं काम त्याच निष्कर्षाला आलं. ब्रिटनमध्ये टीव्हीवरच्या निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचा मुलगा १९९१ मध्ये दगावला. त्यांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी सरकारी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये सल्ला बदलला, मोहीम १९९४ मध्ये निघाली. ब्रिटनमधले मृत्यू पुढच्या काळात सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले, अमेरिकेतले निम्म्याहून अधिक. २००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून दाखवलं की १९७० पर्यंत हाती असलेला पुरावा नीट वाचला असता तर ब्रिटनमध्ये १०,००० हून जास्त आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती.

घशात दूध जाण्याची भीती आपल्याकडच्या आज्यांनाही असते, म्हणून बाळाला कुशीवर वळवून पाठीमागे छोटा लोड लावला जातो. ही भीती खोटी ठरली आहे. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध गिळलं जातं किंवा तोंडाच्या कडेने बाहेर येतं. पोटावर हेच नातं उलटं होतं. कोट्यवधी बाळं पाठीवर झोपू लागल्यावरही दूध अडकून होणारे मृत्यू वाढले नाहीत. कुशीवर ठेवलेलं बाळ मात्र अलगद पोटावर कलंडतं. एक गोंधळ रुग्णालयातूनही येतो: कमी दिवसांच्या बाळाला अतिदक्षता कक्षात कधी कधी पोटावर ठेवतात, कारण तिथे प्रत्येक श्वासावर यंत्राची नजर असते. आई ते पाहते आणि घरी तसंच करते. घरी पाठवण्याआधी बाळाला काही दिवस पाठीवर झोपवून आईला ते दाखवणं हे रुग्णालयाचं काम आहे.

आता आपल्याकडे. भारतात सिड्सचा नेमका आकडा सांगता येईल अशी नोंदव्यवस्था नाही. घरी दगावलेल्या बाळाचं शवविच्छेदन क्वचित होतं, आणि ते दगावलं ती जागा कशी होती हे कुणी लिहून ठेवत नाही. २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजार जिवंत जन्मांमागे देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ अर्भकं पहिल्या वर्षात दगावली. यातला मोठा वाटा पहिल्या महिन्यातला आहे आणि कारणं मुख्यतः कमी दिवस, कमी वजन, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, जन्मतः गुदमरणं ही आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत आरोग्यदूतांमार्फत घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ मध्ये लॅन्सेटने छापलं. त्या पद्धतीत बाळ उबदार ठेवणं हा कळीचा भाग होता. म्हणून पाश्चात्त्य सल्ला जसाच्या तसा उचलून इथे लावता येत नाही. तिथे बाळ फार तापेल याची चिंता पहिली, इथे दोन किलोचं बाळ थंड पडेल ही चिंता पहिली. पण म्हणून हा प्रश्न आपला नाहीच, असं म्हणणंही चूक आहे. जिथे संसर्गाचे मृत्यू कमी होत जातात, तिथे उरलेल्यांत झोपेतल्या मृत्यूंचा वाटा वाढतो, आणि महाराष्ट्र त्या वाटेवर बराच पुढे आहे.

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात आपला प्रश्न म्हणजे बाळाने आईजवळ झोपावं की वेगळं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांचा २०२२ चा सल्ला स्पष्ट आहे: किमान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, घट्ट गादीवर. ब्रिटनचा सूर सौम्य आहे: आईजवळ झोपणार असाल तर धोके कोणते ते ओळखा आणि टाळा. या फरकामागे दोन अभ्यास आहेत. २०१३ मध्ये कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी जुनी माहिती एकत्र करून सांगितलं की आईबाप धूम्रपान करत नसले, दारू पीत नसले तरी तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला एकाच अंथरुणात धोका सुमारे पाचपट. २०१४ मध्ये ब्लेअर आणि सहकाऱ्यांनी सोफा, दारू आणि तंबाखू बाजूला काढून पाहिलं, तेव्हा एकत्र झोपण्याचा स्वतंत्र धोका दिसेना. सोफ्यावर बाळासह झोप लागली तर मात्र तो १८ पट होता, आणि दारू प्यायलेल्या पालकाशेजारीही तितकाच. दुसरा अभ्यास मला अधिक उपयोगी वाटतो, कारण नेमकं काय टाळायचं हे तो सांगतो. रात्री तीन वाजता थकलेली आई बाळाला अंथरुणात घ्यायला भिते, सोफ्यावर बसून पाजते आणि तिथेच तिचा डोळा लागतो, तेव्हा सल्ल्याने धोका वाढवलेला असतो.

यात दक्षिण आशियाई घरांबद्दलचा एक मोलाचा धागा आहे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांत असे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा बरेच कमी होतात. हेलन बॉल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तपासलं की त्यांच्या सवयी कोणत्या. ही बाळं मोठ्यांच्या अंथरुणात जास्त झोपत, त्यांना कुशीवर जास्त ठेवलं जाई, उशी आणि दुलईही जास्त असे. म्हणजे पुस्तकी नियम मोडलेलेच. पण ती वेगळ्या खोलीत एकटी झोपत नसत, सोफ्यावर मोठ्यांसोबत झोपत नसत, त्यांच्या आया सिगारेट आणि दारूपासून दूर होत्या. याचा अर्थ उशी चांगली असा नाही. बाळाच्या जवळ जागं होऊ शकणारं, नशेत नसलेलं माणूस असणं किती महत्त्वाचं आहे, हे यातून कळतं.

महाराष्ट्रात बहुतेक बाळं आईच्या कुशीत झोपतात आणि झोपत राहतील. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतील तिथे वेगळा क्रिब कुठे ठेवणार? म्हणून उपयोगाचा प्रश्न हा की ते एकत्र अंथरूण कसं असावं. उंच पलंगापेक्षा जमिनीवरची किंवा ठेंगण्या खाटेवरची घट्ट गादी बरी. गादी आणि भिंत यांत फट नको, कारण बाळ तिथे सरकून अडकतं. बाळ आईच्या एका बाजूला, थोरलं भावंड दुसऱ्या बाजूला, दोघांच्या मध्ये आई. बाळ आणि बाप यांच्यामध्येही सुरुवातीचे महिने आईच असलेली बरी. आईचं पांघरूण कमरेपर्यंत, उशी फक्त तिच्या डोक्याखाली, पदर किंवा ओढणी बाजूला, लांब केस बांधलेले. झोप आणणारं सर्दी-खोकल्याचं औषध घेतलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाने बाळाच्या अंथरुणात येऊ नये. ही अट घरात उच्चारायला अनेक बायकांना जड जाते, म्हणून ती डॉक्टरांनी, आशाताईंनी घरच्या पुरुषांसमोर मोठ्याने सांगायला हवी.

तंबाखूचं तसंच आहे. आपल्याकडच्या बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून तो मुद्दा ओलांडला जातो, पण मशेरी? मुंबईत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गुप्ता आणि श्रीविद्या यांच्या अभ्यासात गरोदरपणी मशेरी किंवा तंबाखू खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. निकोटीन पोटातल्या बाळाची जाग येण्याची यंत्रणाच बोथट करतं, आणि ते धुरातून आलं की चघळून आलं याने फरक पडत नाही.

आणि ज्यांचं वजन अडीच किलोच्या आत आहे किंवा जी ३७ आठवड्यांआधी जन्मली आहेत, अशा बाळांना आईच्या अंथरुणात झोपवू नये यावर ब्रिटनचा सौम्य सल्लाही ठाम आहे. भारतात वजन केलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के अडीच किलोच्या आत असतात. म्हणजे जवळपास प्रत्येक पाचव्या घराला ही अट लागू होते. मग ठेवायचं कुठे? इथे न्यूझीलंडच्या माओरी समाजाने काढलेला मार्ग मला फार आवडतो. त्यांच्यातही आई-बाळ एकत्र झोपण्याची रीत पक्की, आणि मृत्यूही जास्त होते. त्यांनी रीत मोडली नाही. हाराकेके नावाच्या झाडाच्या पात्यांची विणलेली उथळ टोपली, वहाकुरा, मोठ्यांच्या अंथरुणातच ठेवायची आणि बाळ तिच्यात झोपवायचं असं सुरू केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही टोपली वेगळ्या पाळण्याइतकीच सुरक्षित दिसली आणि सहा महिन्यांना पूर्ण स्तनपान जवळपास दुप्पट घरांत टिकलं. आपल्याकडे बुरूडकाम करणारे कारागीर गावोगाव आहेत. सपाट तळाची, कूस न टोचणारी, हवा खेळती राहील अशी बांबूची उथळ पाटी विणणं त्यांना अवघड नाही. कमी वजनाच्या बाळाच्या आईला रुग्णालयातून घरी जाताना अशी पाटी मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

अंथरुणाच्या बाबतीत आपल्या घरात एक उत्तम वस्तू आधीच आहे, ती म्हणजे गोधडी. जुन्या सुती लुगड्यांचे थर दाट टाक्यांनी शिवलेली गोधडी सपाट असते, दाबली तर खोल जात नाही आणि धुता येते. पिंजून नव्याने भरलेली कापसाची गादी काही आठवडे फुगीर राहते. त्यावर बाळाचं तोंड रुतू शकतं. तेव्हा गोधडी खाली हवी, वर नको; अंगावर घातली तर तिचं ओझं लहान छातीला पेलत नाही. बारशाला हमखास येणारा गादी-उशी-लोडांचा सॅटिनचा संच बाळाच्या झोपेत वापरू नये. फोटो काढावा आणि आवरून ठेवावा. पाळण्याच्या कडेला बांधायच्या गुबगुबीत पट्ट्या आणि कललेले झोपाळे यांनी इतकी बाळं दगावली की अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून दोन्हींवर बंदी आणली. दहा अंशांहून जास्त उतार असला की बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि कोवळी श्वासनलिका दुमडते.

मोहरीची उशी हा नाजूक विषय आहे. डोकं गोल व्हावं म्हणून ती प्रेमाने शिवली जाते. पण उशी आली की मान पुढे झुकते, आणि पिशवी फाटली तर दाणे नाकातोंडात जाण्याची भीती राहते. अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या सर्व उशा वापरू नका असं सांगितलं. डोकं एका बाजूला चपटं होतं ते सतत एकाच बाजूला मान ठेवल्याने. रोज डोक्याची दिशा बदलावी आणि बाळ जागं असताना, समोर बसून, त्याला पोटावर खेळवावं. जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून असा खेळ दिवसभरात मिळून अर्धा तास असावा असं सांगते. मान आणि खांदे बळकट होतात ते त्यानेच. गळ्यातला काळा दोरा, ताईत, वेखंडाची माळ यांचं काय करायचं, याचं उत्तर सोपं आहे: करदोड्यात कमरेला बांधा. श्रद्धाही राहील आणि गळाही मोकळा राहील.

पाळणा आणि झोळी यांच्याबद्दल सरसकट बोलता येत नाही. सपाट तळाचा, उंच कडांचा, हळू झुलणारा लाकडी पाळणा चांगलाच. साडीच्या झोळीत बाळ पाठीवर राहतं, हवा मिळते, आणि ऊसतोडीच्या फडावर किंवा बांधकामावर तीच जमिनीवरच्या विंचू-काट्यांपासून बाळाला दूर ठेवते. पण झोळीचा तळ खोल असला तर पाठ वाकते, हनुवटी टेकते. म्हणून झोळीत रुंद, सपाट फळी किंवा घट्ट विणलेली चटई घालावी आणि बाळाचा चेहरा बाहेरून दिसावा. पहिल्या दोन महिन्यांत झोळीत रात्रभर ठेवूच नये. खरा अपघात पुढे होतो: बाळ बसायला, कुशीवर वळायला लागलं की ते पडतं; आणि घरातली थोरली मुलं त्याच टांगलेल्या साडीशी खेळताना गळफास बसल्याच्या घटना आपल्याकडच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. बाळ उठलं की झोळी सोडून ठेवावी.

बाळाला घट्ट गुंडाळण्याची रीत मालिश-आंघोळीनंतर असतेच, आणि गुंडाळल्याने बाळ निवांत होतं हे खरं. फक्त पाय सरळ ओढून बांधू नयेत, गुडघे वाकून मांड्या बाहेर पसरतील इतकी जागा हवी. जपानमध्ये १९७० च्या दशकात पाय सरळ बांधण्याविरुद्ध मोहीम झाली आणि खुब्याचा सांधा निखळलेल्या बाळांचं प्रमाण झपाट्याने उतरलं. गुंडाळलेलं बाळ पोटावर गेलं तर सुटण्याचा मार्गच उरत नाही, तेव्हा वळण्याची पहिली खूण दिसली की गुंडाळणं थांबवायचं.

हवेबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाळंतिणीची खोली बंद, दारं-खिडक्या लावलेली, कोपऱ्यात निखाऱ्यांची शेगडी, आंघोळीनंतर ओवा-धुपाची धुरी. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो आई-बाळ दोघांनाही झोपेतच निष्प्राण करू शकतो. धुरीने बाळाचे केस सुकतात, पण त्याच्या फुफ्फुसात जातो तो धूरच. शेक द्यायचा तर गरम कापडाचा, दार उघडं ठेवून. डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइल तर त्याहून वाईट. २००३ मधल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले. कापराची पुरचुंडी बाळाच्या झबल्याला किंवा उशाशी बांधतात, तीही काढावी. कापूर बाळाच्या पोटात गेला तर झटके येतात. डासांवर खरा उपाय मच्छरदाणी, तीही कडा अंथरुणाखाली नीट खोचलेली. कोकणात, मराठवाड्यात, विदर्भात जमिनीवर झोपणाऱ्या घरांसाठी ती आणखी एका शत्रूपासून वाचवते. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, तिच्या दंशाची वेदना नाममात्र असते. नेपाळच्या तराईतल्या २००७ च्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश लक्षणीयरीत्या कमी झाले. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरच्या उपचारांसाठी आयुष्य वेचलं त्या पट्ट्यात तर अंथरूण रोज झटकून घालणं हा बाळाच्या झोपेच्या तयारीचा पहिला भाग असायला हवा.

खोली १६ ते २० अंशांवर ठेवा, हा ब्रिटनचा सल्ला मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला निरर्थक आहे. अहमदाबादच्या एका रुग्णालयात २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर वरच्या मजल्यावरचा प्रसूतिकक्ष खाली हलवला, तेव्हा उष्म्याने आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या बरीच कमी झाली. घरातही स्लॅबखालची खोली दुपारी टाळावी. पंखा लावावा, त्याने सर्दी होत नाही. झोत थेट तोंडावर नको इतकंच. बाळाला ऊब पुरेशी आहे का हे हातापायांवरून ठरवू नये, ते थंडच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहावा. घाम असेल तर टोपडं, मोजे, एक दुपटं काढावं. पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या काही दिवसांनंतर घरात झोपताना टोपडं लागत नाही. कमी वजनाच्या बाळाला मात्र टोपडं आणि आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं, दोन्ही लागतात, आणि तेव्हा आई जागी हवी.

मग बाळ शांत कसं व्हायचं? पहिले दोन-तीन महिने बाळाला दिवस-रात्र कळत नाही. दिवसा पडदे उघडे, घरातले नेहमीचे आवाज. रात्री मंद, पिवळसर उजेड, कमी बोलणं, पाजून पुन्हा खाली ठेवणं, एवढ्याने ती लय बसत जाते. एकाच खोलीच्या घरात रात्री अकरापर्यंत टीव्ही चालतो, तो बंद होणं बाळाइतकंच आईच्याही गरजेचं आहे. आवाजाची यंत्रं आणि मोबाइलवरचे पावसाचे आवाज उशाशी लावू नयेत. २०१४ मध्ये तपासलेल्या १४ यंत्रांपैकी प्रत्येकाचा मोठ्यात मोठा आवाज सुरक्षित मानलेल्या ५० डेसिबलच्या वर गेला. अंगाई मात्र हवी तितकी गावी. रडणाऱ्या बाळासाठी जपानमधल्या रिकेन संस्थेने २०२२ मध्ये छोट्या अभ्यासातून सांगितलेली रीत आपल्या आज्यांना ठाऊकच आहे: कडेवर किंवा छातीशी घेऊन पाच मिनिटं संथ चालायचं, झोप लागली की लगेच खाली ठेवायचं नाही, पाच ते आठ मिनिटं घेऊन बसायचं, मग ठेवायचं. जायफळ उगाळून चाटवणं मात्र बंद व्हायला हवं. सहाणेवर किती उतरलं हे मोजता येत नाही, आणि गुंगीत झोपलेलं बाळ धोक्याच्या वेळी उठत नाही. श्वास मोजणारे मोजे आणि पट्टे यांच्यावर पैसे घालण्याची गरज नाही. त्यांनी मृत्यू कमी झाल्याचं दिसलेलं नाही.

ही जागा एकट्या आईने सांभाळायची नसते. नेहमी पाठीवर झोपणाऱ्या बाळाला एखाद्या दुपारी दुसऱ्याने पोटावर झोपवलं तर धोका कितीतरी पटींनी वाढतो, कारण त्या बाळाला मान वळवण्याचा सराव नसतो. म्हणून मालिशवाली, आजी, मावशी, पाळणाघरातल्या ताई यांना प्रत्येकीला हे वेगवेगळं सांगावं लागतं. पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या दुरुस्तीनंतर पाळणाघर ठेवणं बंधनकारक आहे. तिथे बाळ ठेवण्याआधी एकदा दुपारी जाऊन झोपलेली बाळं पाहून यावीत. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, घरी बाळंतपण झालं असेल तर सात. २०१८ पासूनच्या योजनेत ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यांतही येतात. तिसऱ्या महिन्याची ती भेट सर्वांत नाजूक वयात पडते. त्या भेटीत वजन-लसीबरोबर बाळ रात्री कुठे झोपतं ते अंथरूण दाखवायला सांगावं, शेजारी कोण झोपतं ते विचारावं.

चार ते सहा महिन्यांत बाळ स्वतःहून कुशीवर, मग पोटावर वळू लागतं. तेव्हाही निजवताना पाठीवरच ठेवावं. मात्र ते पाठीवरून पोटावर आणि पोटावरून पाठीवर आपणहून वळत असेल तर रात्रभर उठून त्याला उलटं करत बसण्याची गरज नाही. त्याच सुमारास पाळण्यावर टांगलेली खेळणी काढावीत, पाळण्याचा तळ खाली घ्यावा, पलंगावर एकटं सोडू नये. पातळ उशी आणि हलकं पांघरूण वर्षानंतर.